बाबांच्या कानातलं गाणं

अहो, हसताय काय! आठवड्यातून एकदा, फक्त अर्धा तास गाण्यांचा कार्यक्रम, आणि आमच्या घरात तो बघायचा कसा? तर आवाज बंद! तुम्हाला सांगतो, बाबांकडे एक इअरफोन होता. त्याची पिन टीव्हीत खुपसली की बाहेरचा आवाज बंद, आणि गाणं थेट बाबांच्या कानात! का? तर म्हणे, "आधी मी ऐकतो. बरं असेल तर तुम्हाला ऐकवतो." बारा वर्षं! बारा वर्षांत एक गाणं पास झालं नाही हो! डोळे मिटायचे, तोंड वाकडं करायचे, मान हलवायचे... "छे, छे, तुमच्या कामाचं नाही."

आणि आम्ही? पडद्यावर ती बाई झाडाला लटकून तोंड उघडतेय, हीरो डोंगरावरून गडगडत येतोय... आवाज बंद! शेजारी जाऊन बघायचं म्हणता? त्यांच्याकडे टीव्हीच नव्हता, तेच आमच्याकडे यायचे आणि मयताला आल्यासारखे गप्प बसून जायचे!

बरं, भांडणं तरी टळली? नाव नको! ताई म्हणायची, "रडकं गाणं आहे, डोळे बघ तिचे." दादा म्हणायचा, "हट्, पाय बघ, पाय! धांगडधिंगा आहे नुसता." दोघं आपापली चाल लावून गायचे, माझी तिसरीच, त्यावरून झिंज्या उपटायच्या, आणि आई आतून ओरडायची, "अरे, न ऐकलेल्या गाण्यावरून डोकी काय फोडताय!"

परवा तोच कार्यक्रम पुन्हा लागला आणि माझं टाळकंच सरकलं! बाबा आता ऐंशीचे, ऐकू येत नाही. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "बाबा, एक तरी गाणं आवडलं होतं ना? आज कबूल कराच!" आम्हाला उपाशी ठेवून निदान हा माणूस तरी पोटभर जेवला, एवढंच मला ऐकायचं होतं हो!

तर शांतपणे म्हणतात, "तो इअरफोन पहिल्याच दिवशी बिघडला होता."

"मग मान कसली हलवत होतात?"

"दिवसभर कारखान्यात पत्रे ठोकल्याचा आवाज... घरी तुम्ही तिघं. ते कानात असलं की कुणी बोलायचं नाही. अर्धा तास बरं वाटायचं रे."

घ्या! चाळीस वर्षं सांभाळलेला राग, आता घालू कुठे? तडक ताईला बोलावलं, दादाला बोलावलं, त्या झाडाला लटकलेल्या बाईचं गाणं मोबाइलवर लावलं, चांगला मोठ्ठा आवाज करून... आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्हा तिघांचं एकमत झालं. टुकार! अगदीच टुकार!

बाबा आमच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "कसं आहे रे?"

काय सांगणार, कपाळ? दातओठ खात त्यांच्या कानात ओरडलो, "बाबा, उपकार झाले तुमचे!"