टेचिमानच्या विधवा

बिरागो : थांबा भावजी. श्रद्धांजलीतलं आत्ताचं वाक्य परत वाचा.

बादू : कोणतं? ‘कोंबडा आरवायच्या आत उठून देवाचं नाव घेणारा’?

बिरागो : ते नव्हे. तुमचा भाऊ कोंबड्यानंतर उठायचा आणि उठून कोंबड्यालाच शिव्या घालायचा, हे सगळ्या कोनोन्गोला ठाऊक आहे. त्याच्या पुढचं.

बादू : ‘शांत, मितभाषी, जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला...’

बिरागो : फोफ्ये? त्याच्या लॉरीच्या हॉर्नआधी त्याचा आवाज पोचायचा! पण असू दे. मेलेल्या माणसाला एवढं चालतं. पुढे?

बादू : ‘आणि टे... टेचिमानच्या विधवांचा व अनाथांचा आधार.’

बिरागो : हां. तेच. कोणत्या विधवांचा?

बादू : कोणत्या म्हणजे... असतात की, वहिनी. विधवा काय, सगळीकडे असतात.

बिरागो : टेचिमानच्याच का? शेजारणीला यामचा एक कंद द्यायचा झाला तर माझा नवरा असा बघायचा, जणू त्याची किडनीच काढून दिली. आणि दर आठवड्याला टेचिमानच्या बाजारात याम भरायला जायचा. गुरुवारी गेला की शनिवारी उगवायचा. विचारलं तर म्हणे रस्ता खराब. डांबर पडलं तरी याचा रस्ता खराबच. आता परवा दफन. तंबूत सगळं गाव काळे-लाल कपडे घालून बसणार, घराण्याचे वडील म्हणून तुम्ही माइकवर हे वाचणार आणि मी समोर विधवेच्या खुर्चीवर. बायका एकमेकींना कोपरं मारतील, तेव्हा मी कुठं बघू ते सांगा.

बादू : छे छे! तुम्ही भलतंच मनात घेता. आता विचारलंत म्हणून सांगतो. टेचिमानला एक म्हातारी होती.

बिरागो : होती का?

बादू : आमच्या आईच्या दूरच्या नात्यातली. एका डोळ्यानं आंधळी. नवरा पुरात गेला. असा पूर, वहिनी, की मगरी झाडावर चढून बसल्या होत्या! एक मगर तर गिनीकोंबडीच्या घरट्यात अंडी उबवत बसली, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तर त्या म्हातारीला आपला फोफ्ये दर खेपेला दोन याम टाकायचा. गुपचूप. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू द्यायचा नाही, असा माणूस!

बिरागो : नाव काय म्हातारीचं?

बादू : नाव... सगळे तिला म्हातारीच म्हणायचे.

(आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबतं.)

दुफी : मामा, कसली म्हातारी? मघापासून ऐकतेय मी.

बिरागो : ये, बाहेर ये दुफी. तूच लिहिलंस ना हे? भाची कुणाची, यांचीच. मामांनी तुला म्हातारीचं सांगितलं आणि तू घातलंस. तुम्ही एका घराण्याची माणसं, एकाच ताटातला फुफू खाता. मी बाहेरची.

दुफी : मामी, देवाशपथ, मी काही लिहिलंच नाही. सगळ्या घराण्याचे शोकाचे कपडे माझ्या डोक्यावर. मोठ्या मावशीचा झगा तर तिसऱ्यांदा उसवलाय. मी श्रद्धांजली कधी लिहिणार? मोबाइलवर एक वेबसाइट आहे, आक्रातल्या कुणा रिकामटेकड्यानं काढलेली. नाव, वय, धंदा घालायचा आणि बटण दाबायचं. श्रद्धांजली तयार.

बादू : यंत्रानं लिहिलं?

दुफी : लिहिलंही नाही म्हणा. त्याच्याकडे वाक्यांचं गाठोडं आहे. हात घालतं, जे हाताला लागेल ते काढतं. फासे टाकल्यासारखं.

बिरागो : मग त्याला टेचिमान कुणी सांगितलं? त्यात कोण बसलंय?

दुफी : कुणी नाही बसलेलं. बघा, परत दाबते. फोफ्ये, लॉरीचालक... हे घ्या. ‘ताकोराडीच्या विधवांचा व अनाथांचा आधार.’

बिरागो : ताकोराडी? समुद्र बघून उलटी व्हायची त्याला. परत दाब.

दुफी : ‘शिस्तप्रिय पण प्रेमळ. उत्तरेकडच्या वा शहरातल्या विधवांचा व अनाथांचा आधार.’

बिरागो : गाव बदलतंय, विधवा जात नाहीत. माझा नाही विश्वास. फोफ्येचं नाव त्याला कळलेलं आहे. दुसरं घाल. शेजारचा बोकड घाल.

दुफी : बोकड?

बिरागो : नाव आहे त्याला. कप्तान. धंदा लिही शिक्षक.

दुफी : कप्तान, शिक्षक... ‘नम्र, मितभाषी, चर्चच्या पहिल्या बाकावर कधीही न चुकणारा. केप कोस्टच्या विधवांचा व अनाथांचा आधार. त्यांची उणीव कधीही भरून निघणार नाही.’

बिरागो : चर्चचा पहिला बाक त्यानं खाल्लाय, ते खरं आहे.

दुफी : पटलं? अहो मामी, कपडे पोचवायला मी किती तंबूंत गेलेय. ऐकून ऐकून पाठ झालंय. पुरुष गेला की विधवांचा आधार. बाई गेली की सगळ्या गावाची आई. मारकुटा असला तर शिस्तप्रिय, पिणारा असला तर मनमिळाऊ, आणि काहीच नसला तर नम्र. माझ्या शिलाईच्या कागदी साच्यासारखं आहे. साचा एकच, फक्त मापं घालायची. त्या आक्रावाल्याला साचा सापडला, एवढंच.

बादू : बघा! मी काय म्हणत होतो? उगाच संशय. दुफी, तो कागद छापखान्यात धाड. दुपारी बंद होतो तो.

बिरागो : म्हणजे त्या वाक्यामागं काहीच नव्हतं.

दुफी : काही नाही. वारा.

बिरागो : टेचिमान आपलं सहज पडलं.

दुफी : सहज.

बिरागो : मग भावजी, वाऱ्याला उत्तर द्यायला तुम्ही म्हातारी कुठून आणलीत?

बादू : ते आपलं... तुम्ही विचारलंत म्हणून...

बिरागो : मी विचारलं कोणती विधवा. खरं उत्तर होतं, मला काय ठाऊक, दुफीला विचारा. तुम्ही धावत जाऊन म्हातारी घेऊन आलात. एका डोळ्याची.

बादू : वहिनी, मी गोष्टी सांगणारा माणूस. तोंड उघडलं की येतात.

बिरागो : येतात, पण कशा येतात तेही मी इतकी वर्षं ऐकलंय. गमतीला सांगता तेव्हा त्यात कासव असतं, नाही तर हंडीत अडकलेला हत्ती. झाकायचं असलं की एकाक्ष म्हातारी. चर्चचा ढोल तुम्ही विकलात, तेव्हा तो एकाक्ष म्हातारीनं नेला. दोघे भाऊ पिऊन लॉरीसकट ओढ्यात गेलात, तेव्हा रस्त्यात कोण आडवी आली?

दुफी : म्हातारी?

बिरागो : एकाक्ष. पोरी, त्या आक्रावाल्याचं बटण नवं आहे. तुझ्या मामाचं मी लग्न झाल्यापासून दाबतेय. आता सांगा भावजी. मगरी नकोत.

बादू : दफन तरी होऊ द्या, वहिनी.

बिरागो : दफनानंतर मी कुणाला विचारू? खड्ड्याला?

बादू : विधवा नव्हे ती.

बिरागो : ते मला कळलं. जिचा नवरा येत-जात असतो, तिला विधवा कोण म्हणेल? आता झाली असेल.

बादू : बाजारात भाताचं हॉटेल आहे तिचं. बाई वाईट नाही. तिला कळवलंय, पण यायचं नाही असं बजावलंय. मीच बजावलं. तुमच्यासमोर येऊन बसली असती तर...

बिरागो : माझी काळजी होती वाटतं?

बादू : होती. हसू नका, खरंच होती. म्हणून तर वाचताना त्या ‘टेचिमान’वर माझी जीभ अडखळली. मला वाटलं, दुफीला कळलंय.

दुफी : मामी, तिथं ताकोराडी टाकते. नाही तर वाक्यच उडवते. छापखान्याला फोन केला तर थांबेल तो.

बिरागो : गप्प बस जरा. भावजी, मूल आहे?

बादू : त्याचं असं आहे वहिनी, टेचिमानला एक...

बिरागो : म्हातारी आणू नका.

बादू : मुलगी आहे. शाळा संपत आलीय.

बिरागो : त्याच्यासारखी दिसते?

बादू : कान त्याचेच. आणि आवाज. चर्चच्या गायकवृंदात गाते, तर बाकीच्यांचं ऐकूच येत नाही.

बिरागो : हॉर्नच्या आधी पोचतो?

बादू : आधी.

बिरागो : आणि तिलाही तुम्ही येऊ नको म्हणालात.

बादू : लोक काय म्हणतील, वहिनी. माझ्या भावाचं नाव...

बिरागो : नाव आहेच की त्यात. शांत, मितभाषी, नम्र. बोकडाला लागू पडलं तेवढं. दुफी, काळं कापड शिल्लक आहे?

दुफी : असेल एका झग्यापुरतं. माप लागेल.

बिरागो : माप मामा फोनवर विचारतील. आताच विचारा भावजी, आणि पोरीला सांगा, शवपेटीमागं माझ्या मुलांबरोबर चालायचं. तिच्या आईचं मला अजून ठरवता येत नाही. ते उद्या विचारा.

दुफी : आणि मामी, कागद? टेचिमान काढू?

बिरागो : टेचिमान राहू दे. ‘अनाथ’ काढ. तिला बाप होता.