बाईंच्या सहीचं पाकीट

हसणार नसाल तर सांगतो. पोरीची मेडिकलची अ‍ॅडमिशन मी जवळजवळ घालवली होती.

सायलीला अर्जासोबत तिच्या बायोलॉजीच्या प्रोफेसर बाईंचं शिफारसपत्र जोडायचं होतं. आम्ही राहतो बहरीनमध्ये, बाई तिथल्याच. त्यांनी पत्र पाकिटात बंद केलं, चिकटवलेल्या जागेवर सही केली आणि सायलीला बजावलं, हे मेडिकल कॉलेजनंच उघडायचं. कुरिअर करायचं काम माझ्याकडे आलं. आता कागदातल्या एका चुकीपायी ज्याचा व्हिसा दोन महिने अडकला होता, तो माणूस न वाचता कागद पुढे पाठवेल का? नईम भागात कुरिअरच्या ऑफिसबाहेर गाडी लावली आणि पाकिटाची कड हळूच सोडवायला गेलो. बाईंची सही मधोमध फाटली.

सायली एवढंच म्हणाली, "बाबा, यू गो अँड टेल हर."

गेलो. बाई लगेच पत्राची नवी प्रत काढायला लागल्या. मी तरी गप्प बसावं ना?

"मॅडम, नाव बरोबर आहे ना? हुशार आहे असं लिहिलंय का? वर्गात बोलते तरी का? घरी तर चार शब्द बोलत नाही. मग लिहिलंय काय एवढं?"

बाईंनी नवं पाकीट चिकटवलं, सही केली, पण माझ्या हातात दिलं नाही.

"हे मीच पाठवते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि एकच सांगते. मी लिहिलंय, ही मुलगी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडते. कुणावर गेलीय, ते आज कळलं."