आजोबांच्या गुलाबाचा वास

नर्सरीच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांची लेक.

“बाबा, कलमाच्या जोडाखालून कुणी छाटतं का? आता नुसते जंगली फुटवे आलेत. वासाच्या नावाने बोंब!”

“व्हिडिओत सोपं वाटलं गं.”

“आजोबांची तेवढीच आठवण होती आईकडे. सांगितलंत तिला?”

“सांगायलाच फोन केला मावशीकडे. तर तुझी आई म्हणाली, माझ्या बाबांचा गुलाब फुलला असेल, फोन जरा फुलाजवळ धरा.”

“कशाला?”

“वास घ्यायला.”

“आणि तुम्ही धरलात? त्या जंगली फुलाजवळ?”

“धरला.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली ना. तरी धरला.”

“मग?”

“‘आला हो वास,’ म्हणाली. रडत होती.”