हलव्याचं पदक

“सून गुणाची हाय, पर तोंडात जीभ हाय का न्हाई, तेच कळत न्हाई,” सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी दाराआड पुठ्ठा कापत बसले होते. माझी लग्नानंतरची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घरीच करायचे हे ठरवलं त्यांनी, आणि करत होते मी.

नोकरीवरून आलं की रोज हलव्याचा एकेक दाणा दोऱ्यात गुंफायचा. तिसऱ्या संध्याकाळी बोटांनी संप केला. हाराचं पदक तेवढं राहिलं होतं. पुठ्ठ्याला सरळ, कागद चिकटवायचा गम फासला, त्यावर दाणे बसवले आणि वरून मूठभर चमकी भुरभुरली.

हळदीकुंकवाला बायकांची नजर पदकावरून हलेना. “इकतचं न्हाई, आमच्या सुनंनं केलंय!” म्हणत सासूबाईंनी कौतुकाच्या भरात माझ्या गळ्यातलं पदकच मोडलं आणि दाणे वाटायला सुरुवात केली. “खावा की, हलवाच हाय!”

काकूंनी दोन दाणे तोंडात टाकले. ओठ लखलखले.

सासरी आल्यापासून पहिल्यांदाच माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

“थुका, काकू! आत्या, वाटू नका, गमनं चिकटवलंय ते!”