पाच वर्षं एका जागी

छे छे, साहेब, खाली कशाला वाकताय! — चाकं? असतील की. उंदीर वर चढू नयेत म्हणून घातलीत हो घराखाली. डाकोटातले उंदीर म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको — बसा आधी. ही मक्याची भाकरी घ्या, वर काकवी ओता. लाजू नका. सरकारी माणूस माझ्या घरून उपाशी गेला तर लोक काय म्हणतील!

तर पाच वर्षं. सरकारच्या जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं तिथं राहायचं, की जमीन आपली — हाच ना तुमचा कायदा? मग राहिलेय ना मी! जेथ्रो होता तोवर दोघं, तो गेल्यावर एकटी. तो बघा, खिडकीतून दिसतोय, त्या टेकाडाखाली पुरलंय माझ्या नवऱ्याला. इथल्याच हिवाळ्यानं नेला. घराचं एक वेळ राहू द्या, पण त्याला कुठं उचलून नेऊ मी? जमीन गेली तर उद्या कुणीतरी त्याच्या छातीवरून नांगर फिरवेल. म्हणून म्हणते, करा एवढी सही.

काय म्हणालात? हे घर आधी पाहिलंय? — अहो, घरं सगळी सारखीच, चार फळ्या नि एक खिडकी. निळा पडदा? — हो का, शेजारच्या त्या ऑगस्टच्या जमिनीवर? आणि विल्बरच्याही? मेला विल्बर! पडदा बदल म्हणून हजारदा बजावलं होतं त्याला — म्हणजे आपलं शेजारधर्म म्हणून हो. बिनबायकोचा माणूस, त्याला पडद्यातलं काय कळतंय! बरं, नाही लपवत. दिलं घर दोन-दोन दिवस, तुमच्या तपासणीपुरतं. ऑगस्टला दिलं, विल्बरला दिलं, उद्या नील्सची पाळी. पिठाचं पोतं आणून देतात बिचारे, नाही कसं म्हणायचं? आता त्यांनी शपथेवर सांगितलं असेल, घर आमचं म्हणून — पण ते खोटं हो! घर माझं! अख्ख्या डाकोटाला विचारा — नको, विचारू नका.

हसताय काय! आम्ही काय त्या इथल्या जुन्या लाकोटा लोकांसारखे आहोत? तंबू ओढत आज इथं, उद्या तिथं! तुमच्याच कचेरीतल्या साहेबांनी सभेत सांगितलं ना — ज्याचं घर एका जागी ठरत नाही, त्याची जमीन कसली? काय टाळ्या पिटल्या आम्ही! सगळ्यांत मोठ्या माझ्याच. परवा त्या लाकोटांची एक म्हातारी भेटली वाटेत. तिचा तंबू घोड्यामागं, नि माझं घर ऑगस्टच्या बैलांमागं — मी आत चुलीपाशी. अशी हसली, अशी हसली मेली, डोळ्यांतून पाणी काढलं. हिला एवढं हसायला काय झालं, मला अजून कळलं नाही.

जाऊ द्या. आमचं घर कसं, मुळं धरून बसलेलं. पाच वर्षांत तसूभर हललं असेल तर जीभ झडो माझी — हे काय, कॉफी सांडली? वारा हो, वारा! इथं वारं सुटलं की घर जरा असं — धरा, टेबल धरा! बैल? कसले बैल? मला नाही दिसत — अरे ए नील्स! मेल्या, उद्या ये म्हटलं होतं ना! — साहेब, उडी नका मारू, पाय मोडेल! अहो, सही — सही राहिली ना! — गेले. नील्स, थांबव रे ते बैल. थांबव म्हणते ना. खिडकीतून जेथ्रो दिसेनासा झाला.