लग्नाच्या दिवशीचा काळा ढग

...नाही, पण मी म्हणतो, सहा वर्षांच्या नातीनं विचारलं, 'आजोबा, पावसाचे ढग काळे का दिसतात?' तर माणसानं काय करावं? 'जा, ब्रीदआजीला विचार' म्हणावं, पाईप पेटवावा आणि गप्प बसावं! मला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी आमच्या नेसाचं लग्न. एकच मुलगी हो मला! शनिवारी लग्न आणि सोमवारी नवऱ्याबरोबर थेट कॅनडा. आता आमच्या घरची रीत अशी, की नवरी घरापासून चर्चपर्यंत चालत जाते, बापाच्या हातात हात घालून, पुढे अकॉर्डियनवाला. मला बाकी काही नको होतं. मानपान नको, भाषण नको. तेवढी वाट हवी होती. वाटेत पोरीला एक गोष्ट सांगायची होती... ते असो.

तर माझी बहीण ब्रीद, तिनं आदल्या संध्याकाळीच प्रागच्या बाळ येशूची मूर्ती बागेत कुंपणाखाली नेऊन ठेवली. लग्नाला ऊन पडावं म्हणून आमच्या सगळ्या कॉनेमारा भागात ठेवतात. मान तुटलेली असली तर जास्तच चांगलं म्हणे! आमच्या मूर्तीची तर दोनदा चिकटवलेली. तेवढ्यात समुद्रावरून आले की ढग, काळेकुट्ट. आणि ओर्लानं, माझ्या मुलाच्या मुलीनं, तो प्रश्न काढला.

ब्रीद म्हणते, "अगं, देवदूत मळके कपडे धुतात वर!" शेजारचा फेस्टी म्हणतो, "आपल्या चुलींचा धूर साठतो बाळ." बरं, चाललं होतं ना छान? पण नाही! मी उठलो. मेंढीची लोकर आणली, पांढरीशुभ्र. एक पातळ झुबका खिडकीशी धरला. "बघ, उजेड येतो ना आरपार?" मग सगळं गाठोडंच उचलून तिच्या डोक्यावर धरलं. "आता खालून बघ!" पोर ओरडली, "काळी दिसते!" म्हटलं, "लोकर तीच गं. पण थर जाड झाला. ढग म्हणजे पाण्याचे थेंब, खच्चून भरलेले. ते ऊन वरच्या वर उधळून लावतात, खाली उजेड पोचतच नाही फारसा. आपण त्याच्या सावलीत उभे, म्हणून काळा दिसतो. वरून बघशील तर पांढराच!"

काय डोळे चमकले तिचे! फेस्टीसुद्धा म्हणाला, "कोलमन, मास्तर व्हायचं होतंस रे तू!" झालं. चढलो मी. कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?

सकाळी नेसा दारात उभी. पांढरा झगा आणि खाली... गमबूट! हसून म्हणते, "बाबा, चला! पाऊस आला तर आला." अकॉर्डियनवाल्यानं पट्टा गळ्यात घातलेला. आणि नेमका डोक्यावर एक ढग. असा काळा, असा काळा, की काय सांगू! मी म्हटलं, "थांबा! त्याचं बूड बघा! एवढा काळा म्हणजे केवढा जाड, केवढं पाणी असेल आत! कोसळणार आत्ता! फेस्टी, गाडी काढ!"

ब्रीद ओरडतेय, "अरे, मूर्ती ठेवलीय ना बाहेर!" नेसा म्हणतेय, "बाबा, मला चालायचंय हो." आणि ओर्ला माझी बाही ओढतेय, "आजोबा, पण ती नुसती सावली आहे ना? तुम्हीच म्हणालात!" तिला म्हटलं, "तू गप्प बस गं, तुला काय कळतंय!"

गाडीत मागे नेसा, ब्रीद, ओर्ला, छत्र्या आणि अकॉर्डियन. वाजवणारा बिचारा मागून सायकलवर! मी पुढे, फेस्टीच्या कुत्र्याच्या केसांवर. पोरीचा हात धरायचा तर मान मोडली असती माझी. तोंड उघडतोय, "नेसा, बाळ..." तर फेस्टी म्हणतो, "उतरा, आलं चर्च!"

आणि थेंब? एक थेंब पडला नाही हो! ढग डोक्यावरून सावकाश पलीकडच्या गावावर गेला. मग दिवसभर असं ऊन, असं ऊन, की म्हाताऱ्यांनी कोट काढले. ब्रीद सगळ्यांना सांगत सुटली, मूर्तीनं लाज राखली म्हणून. ओर्ला माझ्या मांडीवर येऊन बसली. "आजोबा, आता तो त्या लोकांना काळा दिसत असेल ना?" म्हटलं, "हो गं, दिसत असेल." जाड असला म्हणजे काळा दिसतो, हे खरंच होतं. काळा दिसला म्हणजे पडलाच पाहिजे, हे माझं मीच जोडलं! कुणी सांगितलं होतं... जाऊ दे.

सोमवारी नेसा गेली. विमानतळावर गर्दी, सामान, रडारड. सांगायचं राहिलंच. एवढंच सांगायचं होतं की तू नसलीस की घर मला खायला उठेल. फोनवर म्हणता येतं का असलं? तिथं मी विचारतो, 'थंडी आहे का?' आणि ती म्हणते, 'आहे.'

आता मी दर रविवारी चर्चला चालतच जातो. पाऊस असो, गारा असोत. परवा धो धो पडत होता, फेस्टीनं गाडी थांबवली, काच खाली केली.

"कोलमन, अरे वेड्या, चाललायस कुठे असा भिजत?"

म्हटलं, "नेसाच्या लग्नाला."

त्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "उशीर झाला रे तुला."

म्हटलं, "हो रे. ठाऊक आहे मला."