ह्यांच्या हातचं शेवाळ

— नाही, ती बादली तिथंच राहू दे, भावजी. दाराबाहेर. आणि पिशव्याही नका सोडवू. बसा आधी. त्या खुर्चीवर बसलात तरी चालेल, ह्यांची होती म्हणून कुणी बसूच नये असं काही मी ठेवलेलं नाही. तीन महिने झाले हे जाऊन, आल्यागेल्यानं कुठंतरी बसायलाच हवं ना. ठाण्याहून थेट डोंबिवलीपर्यंत टेम्पो करून आलात, खिडकीतून दिसला मला — त्या ड्रायव्हरला म्हणावं कोपऱ्यावर चहा पिऊन ये. किंवा नका सांगू, फार वेळ लागणार नाही. फिशटँक मी देणार नाहीये. एवढंच आहे. पण इतके लांबून आलात, तर का देणार नाही तेही ऐकून जा.

चित्रानं फोन केला ना तुम्हाला, इंदूरहून? मला ठाऊक आहे काय म्हणाली असेल ती. विठ्ठलकाका, आईला झेपत नाही, तुम्ही घेऊन जा, तुमच्याकडे बाबांची आठवण नीट राहील. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, पोरीला काळजी वाटते. गेल्या महिन्यात आली तेव्हा मी स्टुलावर उभी राहून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून काच घासत होते, ते बघून घाबरली. तिचं मी तिच्याशी बघून घेईन. पण तुम्ही — तुम्ही दारातून आत आलात, चपला काढायच्या आधी तिकडं बघितलंत, आणि काय म्हणालात? "अरेरे, श्रीपादचा टँक. त्याच्यामागं काय दशा झाली." हेच म्हणालात ना? म्हणून बोलतेय. नाहीतर चहा दिला असता आणि गोडीत नाही म्हटलं असतं.

आणला ह्यांनीच, ते मी नाकारत नाही. अठ्ठ्याऐंशी साली. कंपनीतल्या कुणाकडे तरी समुद्राचे मासे बघून आले आणि महिनाभर दुसरा विषय नाही. आमच्या घरात सात पिढ्यांत मासा आला नव्हता, आला तो बघायला. हौसाबाई म्हणून कोळीण यायची शेजारच्यांकडे, पाटी घेऊन, ती ह्या खिडकीतून डोकावून म्हणाली, "बाय, ह्यो खायाचा नाय? मंग आणलाव कशाला?" मला तरी कुठं कळत होतं कशाला. पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी क्लाऊन, दोन निळे, आणि पाणी कुठलं, तर हे म्हणाले मिठाचं पाणी म्हणजे मीठ घातलेलं पाणी. वाण्याकडून खडेमीठ आणलं, बादलीत ढवळलं, ओतलं. काय व्हायचं तेच झालं. खड्यांतली माती तळाशी बसली, आठवडाभरात काचेवर तपकिरी साय धरली, आणि मासे एकेक करून आडवे. हे रडवेले झाले. खरंच — माणूस एवढा मोठा, ड्रॉइंग ऑफिसात दहा माणसं हाताखाली, आणि चहाचं गाळणं घेऊन मेलेले मासे काढत बसले. गाळणं मी फेकून दिलं नंतर.

मी त्यात पडले ती त्या दिवसापासून. तुम्ही ह्यांचे मित्र, तुम्हाला कदाचित माहीत नसेल, तुम्ही विचारलंही नाहीत कधी, मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेय. लग्नाआधी दोन वर्षं इथं एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात लॅबला होते. मग चित्रा झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग राहिलंच. तर मी म्हटलं, मीठ म्हणजे नुसतं मीठ नाही हो, समुद्रात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं. बाहेरून येणारा तयार मिठाचा डबा आपल्याला परवडणारा नाही, तर आपण घरी कालवू. ह्यांना मुंबईला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत पाठवलं यादी देऊन. आणि पहिलं पाणी मी स्वतःच नासवलं, ते सांगते ना. सगळं एकदम घातलं, कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा एकत्र, आणि बादलीभर पाणी दुधासारखं पांढरं. चुनखडी झाली त्याची. हे दारात उभे राहून म्हणाले, "सुहासिनी, ह्याचा चहा करायचा का?" इतकं हसलो आम्ही. पुन्हा केलं. वेगवेगळं विरघळवायचं, कॅल्शियम सगळ्यात शेवटी, रात्रभर पंप लावून हवा द्यायची, सकाळी खारेपणा मोजायला हायड्रोमीटर तरंगवून बघायचा. जमलं. शेवाळ त्यानंतरही आलं — हिरवं, केसांसारखं, दगडांवर लांब लांब — आणि एकदा तो लाल बुळबुळीत थर, तो तर रात्री काढावा आणि सकाळी पुन्हा हजर. तेव्हा पुष्कळ वाचलं, पुष्कळ चुकले. शेवटी कळलं ते अगदी साधं. मासे खातील तेवढंच घालायचं, उरलेलं खाणं तळाशी कुजतं आणि शेवाळ त्याच्यावर पोसतं. दिवा कमी जाळायचा. पाणी बदलत राहायचं. ह्यात हुशारी काही नाही, भावजी, कंबर मोडायची तयारी लागते.

आणि मग तुमचं ते फिशटँकचं प्रदर्शन, ब्याण्णवचं, ठाण्यातलं. ती बक्षिसाची ढाल बघा अजून टीव्हीवर आहे, धूळ मीच पुसते. तुम्हीच दिलीत ती, सगळ्यांत तुम्हीच तर जाणकार. तुम्ही माइकवर ह्यांना विचारलंत, श्रीपाद, काचेसारखं पाणी आणि शेवाळाचा एक ठिपका नाही, मीठ कुठलं वापरतोस? हे काय म्हणाले आठवतंय? म्हणाले, "ते सुहासिनीला विचार." खरं तेच सांगितलं त्या माणसानं. आणि तुम्ही हसलात. "बघा, मिठाचं खातं वहिनींकडे" — असं काहीतरी म्हणालात आणि सगळा हॉल हसला. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी. हेही हसले मग. ह्यांच्या त्या हसण्याचा मला कितीतरी दिवस राग होता, तुमच्या नव्हे. येताना गाडीत मी बायकांच्या डब्यात जाऊन बसले. घरी आल्यावर म्हणाले, "अगं, मी सांगितलं ना खरं काय ते." मी म्हटलं सांगितलंत, आणि हसून पुसूनही टाकलंत. दुसऱ्या दिवशी पाणी बदलायला बादल्या सगळ्या त्यांनी उचलल्या, आणि तेव्हापासून आजारी पडेपर्यंत मला एक बादली उचलू दिली नाही. असा होता तो माणूस. बोलायचं तेव्हा बोलायचा नाही.

मग गेल्या वर्षी ते अर्धांगाचं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डाव्या हातातही जोर उरला नाही. कळत सगळं होतं हो. डोळ्यांत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले डाव्या हाताला काहीतरी काम द्या, बोटं चालू द्या. काय काम देणार? पेन्सिल धरवेना. एकदा मी माशांना खाणं घालत होते — हौसाबाईकडून मूठभर कोळंबी घ्यायची, ती बारीक चिरायची, हो, मीच चिरायची, आता त्याचं काही वाटत नाही — तर ह्यांनी हात पुढं केला. वाटी दिली. चिमटीत धरायला केवढा वेळ लागला, निम्मं अंगावर सांडलं, पण घातलं. मासे वर आले, ह्यांच्या बोटांशी. आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ह्या माणसाच्या तोंडावर — जाऊ दे. तेव्हापासून ते काम त्यांचं. ती खुर्ची तिथं लावली ती त्यासाठी. सकाळी घालायचे, मग घातलेलं विसरायचे, पुन्हा खुणेनं वाटी मागायचे. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मला दिसत होतं ना. न खाल्लेली कोळंबी दगडांच्या फटीत जाऊन बसायची. पाणी आंबायला लागलं. आणि शेवाळ जे सुटलं, भावजी, जे सुटलं — दगड दिसेनात, पंपाचं तोंड बुजलं.

तशात तुम्ही आलात, दिवाळीत. फराळाचा डबा घेऊन. मी आत चहा टाकत होते, आणि मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "श्रीपाद, अरे काय हे, काय करून ठेवलंस टँकचं? किती खायला घालतोस? मारशील त्यांना एक दिवस. त्यापेक्षा मला देऊन टाक." चेष्टेनं म्हणालात, असेल. ह्यांच्याशी चेष्टा फार चालायच्या तुमच्या. पण समोरचा माणूस उलट बोलू शकत नव्हता, एवढं तरी बघायचं होतं. मी चहा घेऊन आले तर ह्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर उपडा पडलेला आणि तुम्ही चकली खात होतात.

त्यानंतर ह्यांनी वाटी घेतली नाही. मी पुढं केली की मान फिरवायचे. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. बोटं पुन्हा आखडायला लागली. जेवणही कमी झालं. माशांना मी घालत होते, ह्यांना दिसणार नाही असं, मोजून. पाणी निवळायला लागलं होतं तेवढ्यात, खोटं कशाला सांगू. मी ते निवळ पाणी बघायची आणि ह्यांच्याकडं बघायची. एका सकाळी खाणं घातलंच नाही मी. खुर्चीसमोर बसले आणि म्हटलं, "अहो, मासे उपाशी आहेत. माझ्या हातचं घेत नाहीत ते. तुमची वाट बघतायत." धादांत खोटं. माझ्या हातचंच खाऊन वाढलेले मासे. पण ते आले काचेशी, उपाशीच होते बिचारे, आणि हे बघत राहिले, बघत राहिले, आणि मग हात आला वाटीकडे.

त्या दिवशी मी ठरवलं, शेवाळ वाढायचं तर वाढू दे. ह्यांनी घालायचं तेवढं घालू दे, दहादा घालू दे. शेवाळ मी काढीन. आणि काढलं. रोज दुपारी हे झोपले की दात घासायचा जुना ब्रश घेऊन दगडन् दगड घासायची. पूर्वी पंधरा दिवसांनी पाणी बदलायचो ते दर दोन दिवसांनी बदलायला लागले, म्हणजे मीठही तितक्यांदा कालवायचं, बादल्याही मीच उचलायच्या. हाताची कातडी गेली मिठानं. गुडघे गेले. चित्रा म्हणते, आई, तेव्हाच मासे देऊन टाकायचे होतेस. नव्हते द्यायचे. एकही मासा मेला नाही, मोजून घ्या हवं तर. आणि हे शेवटच्या दिवशी सकाळी — ते गेले दुपारी — सकाळी वाटी मागितली होती त्यांनी. तर दशा झाली ती त्यांच्यामागं नाही झाली, भावजी. ती त्यांच्यादेखत झाली, मी होऊ दिली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा होऊ देईन. तुमच्या प्रदर्शनात असल्या टँकला ढाल देत नसतील. नका देऊ.

आता ते शेवाळ कमी होतंय आपोआप. घालणारं कुणी नाही ना जास्तीचं. त्या डाव्या दगडावरचं तर गेलंच बघा, नुसता दगड दिसतोय. चांगलंच आहे. मलाच हवं होतं ना निवळ पाणी. गेल्या सोमवारी मी सकाळचं खाणं घातलं, आणि दुपारी बघते तर माझ्या हातात पुन्हा वाटी. आणि संध्याकाळी पुन्हा. मासे खात नव्हते, तळाशी चाललं होतं सगळं, मला दिसत होतं आणि मी घालत — काही नाही. पाण्याचं सांगत होते मी. पाणी चांगलं आहे.

तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. रडत नाहीये मी. मिठाचे हात डोळ्याला लागले की होतं असं.

आणि हे बघा, जानेवारीत तुमचं प्रदर्शन आहे ना, त्यात मी भाग घेणार आहे. सुहासिनी म्हणून. माइकवर विचारा मला मिठाचं, मी सांगेन नीट, सगळ्यांना सांगेन, लपवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त हसायचं नाही.

उठा आता. चहा राहिला, पुन्हा कधीतरी. तो टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. चित्राला फोन कराल तेव्हा सांगा, आई देत नाही म्हणाली. एवढंच सांगा. बाकी जे काही बोलले मी, ते तिला सांगायचं नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. या तुम्ही.